नकाशावरचे आठशे मीटर

अक्का,

तू गेलीस तेव्हा आपलं भांडण होऊन सात महिने झाले होते. अबोला नव्हता. अबोला धरण्याइतके आपण लहान राहिलो नव्हतो. दर रविवारी संध्याकाळी तुझा फोन यायचा. जेवलास का, शुगर तपासलीस का, पद्माचा गुडघा कसा आहे. मीही तेवढंच विचारायचो. दोघंही त्या एका गोष्टीला वळसा घालून जायचो.

तेरावा झाला. लोक विचारत होते, सख्खी बहीण का? मी म्हणायचो, मावसबहीण. मग ते जरा सैल होऊन बसायचे, जणू मावसबहिणीसाठी माणूस इतका उन्मळत नाही. त्यांना काय सांगू? राजवाड्यामागच्या त्या गल्लीत आपली घरं भिंतीला भिंत लावून होती आणि मी कुठल्या घरी जेवलो हे रात्री आईला तुझ्या आईकडे विचारावं लागायचं. या तमिळ मुलखात आपली मराठी नुसती घरात बोलायची, शाळेत तमिळ होती. मराठी अक्षरं मला तू गिरवायला लावलीस, ओट्यावर, खडूनं. आज मी हे त्याच अक्षरांत लिहितो आहे. बायको, पद्मा, मराठी बोलते, पण वाचत नाही. लेकीला, अंजनाला, सगळं कळतं, उत्तर मात्र तमिळमध्ये येतं. या घरात हे वाचणारं कुणी नाही. तुझ्याखेरीज मी मराठीत कुणाला कधी लिहिलंच नाही, तेव्हा तुलाच लिहितो.

तुला आठवतं, बाबा गेले तेव्हा मी चौथीत होतो. आईनं मला शाळेतून काढून मामाकडे पाठवायचं ठरवलं होतं आणि मामाच्या गावी तेव्हा शाळाच नव्हती. तू तेरा वर्षांची. कुणाला न विचारता तू आपल्या नगरपालिकेच्या शाळेत गेलीस, हेडमास्तरांच्या खोलीत उभी राहिलीस आणि म्हणालीस, आमचा व्यंकू उद्यापासून येणार नाही, काहीतरी करा. ते सायकलवरून तीन संध्याकाळी आपल्याकडे आले. आई त्यांच्यासमोर दाराआड उभी राहून रडायची आणि ते ओट्यावर बसून तेच तेच पुन्हा सांगायचे. चौथ्या दिवशी मी शाळेत होतो.

यावरून आपण पुढे जन्मभर वाद घातला. मी शिक्षण खात्यात कारकून म्हणून लागलो, पुढे अधीक्षक झालो. मी म्हणायचो, बघ अक्का, ही सरकारी शाळा नसती तर मी कोठे असतो? खातं मोठं आहे म्हणूनच कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या मुलीलाही तेच पुस्तक मिळतं, तेच दुपारचं जेवण मिळतं, आणि गावच्या जमीनदाराला तिची शिक्षिका हाकलून देता येत नाही. तू म्हणायचीस, "तो माणूस होता रे. खातं नव्हतं. खात्यानं त्यांना आपल्या घरी जा म्हणून सांगितलं नव्हतं." मी म्हणायचो, त्यांना तिथं नेमलं कोणी? खात्यानंच ना? मग तू हसून उठायचीस आणि कॉफी टाकायचीस. तेव्हा त्या वादात कुणाचंच काही जात नव्हतं.

तू जिथं मुख्याध्यापिका होतीस ती शाळा मी नीट पाहिली ती एकदाच. शनिवार होता. तू मला टाउन बसनं नेलंस, पुलाच्या अलीकडे उतरवलंस आणि कालव्याच्या बांधावरून चालवत गावात घेऊन गेलीस. दोन खोल्या, दोन शिक्षिका, पाच इयत्ता. मुलं तुला "टीचर, टीचर" करत भिंतीपाशी जमली. त्यांत ती कयल होती, तिसरीतली, अंगानं बारीक. तिची आई, वळ्ळी, लोकांच्या शेतांवर जाते आणि आजोबा कापणी झालेल्या शेतांत बदकं चारतात. तू मला सांगितलंस की ही पोर वर्षभर वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. पाटीवर वजाबाकी घातली की नुसती बघत राहायची. मग तू एके संध्याकाळी तिच्या आजोबांच्या कळपामागून गेलीस. बदकं आत घेताना ती पोर दारात उभी राहून एका दमात शंभरापर्यंत मोजत होती आणि किती कमी पडली ते चटकन सांगत होती. दुसऱ्या दिवसापासून तुझ्या वर्गातली वजाबाकी बदकांची झाली.

"हे तुझ्या कुठल्या फॉर्मात बसतं, सांग," तू मला परतीच्या बसमध्ये विचारलंस. मी म्हणालो, फॉर्मात बसत नाही, पण फॉर्म नसता तर तुझी शाळाही नसती.

मग खात्याचं ते पत्र आलं. वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत सामावून घ्यायच्या. यादी करायची, प्रत्येकीपुढे पटसंख्या आणि जवळच्या शाळेपर्यंतचं अंतर भरायचं. यादी माझ्या टेबलावर होती. तुझ्या शाळेचा पट बरोबर वीस होता. मला हायसं वाटलं, खरंच वाटलं. पण मुलांचे क्रमांक तपासताना संगणकानं चार नावं लाल करून दाखवली. ती चार मुलं आईबापांबरोबर तिरुप्पूरला गेली होती, तिथल्या शाळेत दाखल झाली होती, आणि तुझ्या हजेरीत अजून रोज "उपस्थित" होती.

मी ती चार नावं काढली, अक्का. तुला न विचारता काढली. मनाशी म्हणालो, दुसऱ्या कुणाच्या नजरेस पडलं तर तुझ्यावर कारवाई होईल, त्यापेक्षा मी गुपचूप दुरुस्त करतो. हे खरंही होतं. सोळा मुलं उरली आणि तुझी शाळा यादीत आली.

मग अंतराचा रकाना. सगळ्यांना एकच माप, नकाशावर मोजा, असं सांगितलेलं होतं. मी संगणकावर तुझ्या शाळेवर बोट ठेवलं, मोठ्या शाळेवर ठेवलं. आठशे मीटर आलं. मधे कालवा होता. नकाशावर ती एक निळी रेघ असते. मी त्या बांधावरून चाललो होतो. पूल कोठे आहे, हमरस्त्याच्या कडेकडेनं किती लांब जावं लागतं, मला ठाऊक होतं. अडीच किलोमीटरच्या वर. मी आठशे मीटर लिहिलं.

का लिहिलंस, असं तू विचारलं नाहीस, म्हणून आज मीच सांगतो. भीती होतीच, वर कोण उत्तर देत बसणार म्हणून. पण नुसती भीती नव्हती. मला वाटत होतं की पलीकडच्या शाळेत प्रत्येक इयत्तेला वेगळी शिक्षिका आहे, मुलींचे संडास धड आहेत, पुस्तकांची खोली आहे, आणि तुझ्या पोरांनी दोन खोल्यांत का राहावं? तू फार चांगली होतीस, आणि म्हणूनच तुला दिसत नाही, असं मला वाटत होतं. एक खरी गोष्ट आणि एक खोटी गोष्ट, दोन्ही मी एकाच दुपारी लिहिल्या, आणि दोन्ही मिळून तुझी शाळा गेली.

तू ऑफिसात आलीस तो दिवस. इतर शिक्षिकांसारखी बाहेरच्या बाकावर तासभर बसलीस. मला कळलं तेव्हा मी धावत आलो, तर शिपायासमोर तू मला "सार" म्हणालीस, परक्या साहेबाला म्हणावं तसं. आत आल्यावर मात्र मराठीत बोललीस. बाकीच्यांना कळू नये म्हणून बोललीस, की माझ्याशी दुसऱ्या कुठल्या भाषेत भांडणं तुला जमत नव्हतं?

"व्यंकू, तू तेथवर चालून आला होतास ना?"

"अक्का, रकान्यात नकाशावरचं अंतर..."

"मी तुज रकाना विचारला नाही. चालला होतास की नाही?"

"होय."

"ती चार नावं मी खोटी ठेवली. रोज सकाळी खोटं लिहिताना हात जड व्हायचा. ती मुलं नाहीत हे मज ठाऊक होतं. तू आठशे लिहिलंस तेव्हा तुजला ठाऊक होतं?"

मी म्हणालो, "पलीकडे मुलांचं भलं आहे अक्का. तुम्ही दोघी दोन खोल्यांत त्यांना काय काय देणार?"

तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. राग नव्हता. माझं म्हणणं तू खरोखर तोलून बघत होतीस. "असेलही भलं," म्हणालीस. "पण त्या भल्यापर्यंत लेकरांना चालत जायचं आहे, आणि वाटेत लॉऱ्या आहेत." मग पिशवी उचललीस आणि गेलीस. टेबलांवरची डोकी वर झाली होती. त्यांना शब्द कळले नव्हते, पण बाकी सगळं कळलं होतं.

जूनमध्ये तुझ्या शाळेला कुलूप लागलं. तुला जादा शिक्षिका ठरवून त्याच मोठ्या शाळेत पाठवलं. इतक्या वर्षांची मुख्याध्यापिका, आणि तिथं तुला संगणकावर माहिती भरायचं काम दिलं. तो हुकूम टाइप होऊन माझ्याच टेबलावरून पुढे गेला. मी त्यावर छोटी सही केली. दुसरं काय करता आलं असतं? हे मी इतक्या वेळा स्वतःला विचारलं आहे की आता प्रश्न राहिला नाही, नुसता आवाज राहिला आहे. नोकरी सोडता आली नसती, अंजनाचं कॉलेज चालू होतं. तुला तोंड दाखवता येत नव्हतं. रोज दहा वाजता त्याच खुर्चीत बसायचं, त्याच खिडकीतून तेच स्कूटर लावायचं शेड दिसायचं. तू तिकडे माहिती भरत होतीस आणि ती माहिती माझ्याकडे येत होती. महिन्याला एकदा तुझ्या नव्या शाळेची फाइल उघडली की तुझ्या हातची आकडेवारी दिसायची. एकही चूक नसायची. चार नावंही नसायची.

शेवटचा रविवार. तू नेहमीचं सगळं विचारलंस आणि मग म्हणालीस, "व्यंकू, एक काम होतं तुजकडे." मी म्हणालो, सांग की. "राहू दे. समक्ष सांगते. पोंगल झाल्यावर ये." मी हो म्हणालो आणि काम काय ते विचारलं नाही. मला भीती वाटली की पुन्हा ते सगळं निघेल. पोंगलनंतर पाचव्या दिवशी सकाळी तू शाळेला निघण्याआधी खुर्चीत बसलीस आणि उठली नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, कधीही झालं असतं. लोकांना धीर द्यायला असं म्हणतात, की खरंच असं असतं, मला कळत नाही.

तेराव्याला वळ्ळी आली होती. कयलला घेऊन, दोन बस बदलून. आत यायला तयार नव्हती, गल्लीत भिंतीला टेकून उभी होती. पद्मानं हात धरून तिला आत आणलं. मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं आपण होऊन जे सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत तुला परत सांगतो, कारण तू मला कधीच सांगितलं नाहीस.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सोळांतली सात मुलं घरीच बसली. आया पहाटे शेतावर जातात, हमरस्ता ओलांडून देणारं कुणी नाही. तेव्हापासून तू रोज मोठ्या शाळेपाशी उतरायचं सोडून पुलाच्या अलीकडे उतरू लागलीस. बांधावरून गावात जायचीस, घराघरांतून मुलं गोळा करायचीस, आणि त्यांना पुढे घालून पुलावरून, रस्त्याच्या कडेनं पलीकडे न्यायचीस. संध्याकाळी पुन्हा परत. सत्तावन्नाव्या वर्षी, तुझ्याही दुखऱ्या गुडघ्यानं, तुझीही शुगर घेऊन. सात महिने. आणि रविवारी मला विचारायचीस, जेवलास का.

वळ्ळीनं आणखी एक सांगितलं. देवी म्हणून एक मुलगी होती तुझ्याकडे, तिचं वाचन मागे पडायचं म्हणून तू दोन वर्षं तिच्यावर मेहनत घेत होतीस. मोठ्या शाळेत डोळे तपासायला माणसं आली तेव्हा कळलं की तिला फळाच दिसत नव्हता. चष्मा लागला आणि पोर वाचू लागली. त्या दिवशी तू देवीच्या घरी गेलीस आणि तिच्या आईसमोर रडलीस. म्हणालीस, माझ्या लक्षात कसं आलं नाही? आणि वाटेत वळ्ळीला म्हणालीस, "ही शाळा चांगली आहे ग. हिची वाट वाईट आहे. ऑफिसात माझा भाऊ आहे, त्याला सांगणार आहे मी."

मी तिथून उठून मागच्या अंगणात गेलो. अक्का, तू म्हणजे माझी बाजू निम्मी मान्य करून बसली होतीस आणि मला कळवलं नव्हतंस! मी सात महिने वाट चुकवत होतो आणि तू वाटच मागणार होतीस.

सोमवारी मी ऑफिसला न जाता पुलापाशी उतरलो. माझ्या निरोपावरून वळ्ळीनं चार घरांत सांगून ठेवलं होतं. नऊ मुलं होती. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू चुकीचा माणूस पाठवला आहे. आता कापणी चालू आहे, रस्त्यावर भाताची पोती भरलेल्या लॉऱ्या एकामागून एक. एक लॉरी इतकी जवळून गेली की मी दोन पोरांना कवळून खाली रस्त्याकडेच्या चरात उतरलो. शाळेच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती आणि माझा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता.

तिथून तसाच ऑफिसात गेलो आणि लिहून दिलं. त्या शाळेचं अंतर मी भरलं, ते चालण्याचं अंतर नाही, आणि भरताना मला ते माहीत होतं. आमच्या नव्या अधिकारी मॅडम वयानं अंजनाहून फार मोठ्या नाहीत. त्यांनी दोनदा वाचलं. दार लावून घेतलं.

"सार, हे तुम्ही का लिहिताय? कुणी तक्रार केली आहे का?"

"नाही मॅडम."

"एक किलोमीटरपेक्षा जास्त चालणाऱ्या मुलांना सोबतीचा माणूस देता येतो. तशी तरतूद आहे. पण आपल्याकडे आठशे मीटर आहे."

"म्हणूनच दुरुस्त करायचं आहे."

त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. बंद झालेल्या शाळेची ओळच तिथं उघडत नव्हती. जी शाळा नाही तिचं अंतर दुरुस्त कसं करणार? वर लिहावं लागेल, आणि वर लिहिलं की आधी माझी चौकशी. नकाशावर मोजलेल्या बाकीच्या शाळांचं काय, तेही विचारतील. "मला तुमचं पटतंय," त्या म्हणाल्या. "पण हे मी कुठे भरू?" मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच विचारलं असतं. वीस वर्षं मी दुसऱ्यांना तेच विचारत आलो आहे.

तरी त्यांनी कागद वर पाठवला. माझ्यासमोर पाठवला. उत्तर आलेलं नाही. दरम्यान मला उशिरा येण्याबद्दल एक खुलासा मागितला आहे, तोही त्यांच्याच सहीचा. त्या तरी काय करतील?

अजून मी हरलेलो नाही, हे तुला सांगायला हवं. देवीचा चष्मा माझ्या बाजूचा आहे. एवढं मोठं खातं नसतं तर डोळे तपासणारी माणसं त्या रस्त्याला आलीच नसती. आणि एवढं मोठं खातं आहे म्हणूनच एका रकान्यातला आकडा खरा करायला कुठून हात घालावा ते अधिकाऱ्यालाही कळत नाही. दोन्ही खरं आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, दोन्ही खरं आहे हे म्हणून तू पुन्हा खुर्चीतच बसलास की रे. मग मी काहीतरी बोललो असतो. काय, ते आता सुचत नाही. तुझं पुढचं वाक्य आल्याशिवाय मला माझं वाक्य सुचत नाही, हे मला या दिवसांत कळलं.

आज आठवा दिवस. मुलं आता माझ्याशी थोडं बोलतात. कयल नाही. ती सगळ्यांच्या मागे चालते आणि मी वळून पाहिलं की थांबते. आज सकाळी बाकीची मुलं फाटकातून आत गेली आणि ती तिथंच राहिली. दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून तिनं मला विचारलं, "सार, उद्या कोण येणार?"

ऑफिसला जायला बस लागली होती. खुलासा द्यायची मुदत उद्याच आहे आणि चौकशी कुठल्याही दिवशी लागेल. मी किती दिवस येऊ शकेन, मला ठाऊक नाही. खिशात फोन वाजत होता.

"मी," म्हणालो.

ती आत गेली. उद्यापुरतं ते खरं आहे, अक्का.